लाल रंगातली वाडी

बाबा,

आपलं घर गेल्या महिन्यात पाडलं. मी तिथे होते. चिऱ्याच्या भिंती आहेत, वेळ लागेल असं वाटलं होतं. पण यंत्राने आधी कौलं ओढली, मग पडवीचे खांब, आणि त्यानंतर भिंतींना फारसं काही करावंच लागलं नाही. दुपारच्या जेवणाआधी सगळं उरकलं. तुमचा धाकटा लेक विहिरीजवळ उभा होता. मधूनच तो यंत्र चालवणाऱ्या माणसाला हाताने खुणावत होता, इथे विहीर आहे, सांभाळून. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली, आई जाऊन नऊ. खाडीकाठच्या आपल्या वाडीतली आठही घरं आता गेली, आपलं सगळ्यांत शेवटी. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं आणि नीट सांगायचं तर मलाच सांगावं लागेल, कारण आपलं घर वादळाने पाडलं नाही, समुद्रानेही नाही. ते कसं गेलं हे आपल्या घरात फक्त मला ठाऊक आहे.

आधी लहानपणची एक सकाळ. मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही सरकारी फळबागेत हवामानाच्या नोंदी घेता. बागेच्या मधोमध, कुंपणाच्या आत, चार पायांवर उभी असलेली पांढरी पेटी आहे, झडपांच्या भिंतींची. तिच्यात दोन तापमापक शेजारीशेजारी: एक कोरडा, आणि एकाच्या टोकाला ओल्या कापडाची चिंधी. रोज सकाळी ठरल्या वेळेला तुम्ही जाता, पेटीचं दार उघडता आणि श्वास रोखून वाचता, कारण माणसाच्या श्वासानेसुद्धा पारा हलतो असं तुमचं म्हणणं. त्या श्रावणात तुम्हाला ताप भरला आणि तुम्ही मला पाठवलंत. वाचायला मला येत होतं, तुम्हीच शिकवलं होतं. पण पेटीखालच्या पायरीवर साप होता. काळा, ओला, अजिबात न हलणारा. मी कुंपणाबाहेर छत्री धरून उभी राहिले, पाय बधिर होईपर्यंत, आणि मग वहीत दोन आकडे लिहून टाकले. कालच्या आकड्यांच्या जवळपासचे, खरे वाटावेत म्हणून थोडे इकडेतिकडे केलेले.

घरी आल्यावर तुम्ही अंथरुणातूनच हात पुढे केलात. वही पाहिलीत. म्हणालात, ''ह्या तू वाचलंस?'' मी मान हलवली. ''ओलो आकडो कोरड्याच्या वर गेलो कसो?'' ओलं कापड सुकता सुकता थंड होतं, म्हणून ओला आकडा कोरड्याच्या वर कधी जात नाही, हे तुम्ही मला दहा वेळा सांगितलेलं. तुम्ही ओरडला नाहीत. उठलात, घोंगडी पांघरलीत, त्या पावसात बागेपर्यंत चालत गेलात, माझ्या आकड्यांवर एक सरळ रेघ मारलीत आणि ठरली वेळ टळली म्हणून शेजारी 'नोंद नाही' असं लिहून सही केलीत. तोवर साप निघून गेला होता. मी मागून म्हटलं, ''साप होतो थंय.'' तुम्ही वही मिटत म्हणालात, ''मगे साप होतो म्हणान लिवचा. म्हायत नाय ता रिकामा ठेवचा. खोटो आकडो मरणा नाय गो. तेच्यावर फुडचो माणूस काय काय बांधता.'' पुढे वरून त्या रिकाम्या जागेबद्दल लेखी विचारणा झाली, तेव्हा तापामुळे नोंद घेता आली नाही एवढंच तुम्ही कळवलंत. माझं नाव त्यात कुठे नव्हतं. हे मला आईने फार वर्षांनी सांगितलं.

आणखी एक सकाळ आठवते, ती स्वयंपाकघरातली. आई शेजारी गेली होती आणि चुलीवरच्या पेजेकडे बघायला मला सांगून गेली होती. मी पुस्तकात. तुम्ही आत आलात, झाकण काढलंत, आत उकड्या तांदळाचा गोळा तळाला धरलेला. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही विचारलंत, ''पाणी खंय गेला?'' मी म्हटलं, ''संपला.'' तुम्हाला त्या शब्दाचा राग आला, करपलेल्या पेजेचा नाही. ''संपाक काय झाला तेका? खंयतरी गेला. शोध.'' मग आपण दोघांनी शोधलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, कौलांच्या खालच्या वाशांवर, खिडकीच्या गजांवर. माझ्या चष्म्यावरसुद्धा होतं थोडं. आई परत आली तेव्हा तुम्ही स्टुलावर चढून वाशावरून बोट फिरवत होतात. तिने दोघांनाही काही तरी सुनावलं आणि नवीन पेज टाकली.

तुम्ही गेलात तेव्हा मी मुंबईत अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते, त्यामुळे पुढे मी काय करायला लागले ते तुम्हाला कळलंच नाही. सांगते. आम्ही संगणकात एक अख्खा देश मांडतो. त्यात कारखाने असतात, बँका असतात, सरकार असतं, घरं असतात, आणि या सगळ्यांच्या खाली कोळसा, जमीन, पाणी, हवा. एकाच्या हातून काही सुटलं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पोचलंच पाहिजे, हा त्यातला पहिला नियम. धूर निघाला तर तो हवेत जमा होतो, हवा तापते, तापलेली हवा पिकं आणि इमारती मोडते, मोडलेल्या इमारतीवर दिलेलं कर्ज बुडतं, आणि बँक ढासळली की सगळंच थांबतं. मग आम्ही विचारतो, बँकांना असं सांगितलं की धोक्याच्या जागी कर्ज द्याल तर जास्त भांडवल बाजूला ठेवा, आणि हरित कामाला द्याल तर कमी ठेवा, तर वीस-तीस वर्षांनी काय होईल? संगणक रेषा काढून देतो. मला हे काम पहिल्या दिवसापासून आपलं वाटलं. वर्गात ते पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मला वाशावर फिरणारं तुमचं बोट दिसलं होतं. त्या दिवशी मी सुखात होते, तेही सांगून ठेवते.

चार वर्षांपूर्वी आमच्या संस्थेकडे एक मोठं काम आलं. देशभरातल्या तालुक्यातालुक्यांना, जमेल तिथे गावागावांना, धोक्याप्रमाणे रंग द्यायचे होते, म्हणजे कर्जाचे ते नियम नुसत्या रेषांत न राहता जमिनीवर उतरतील. किनाऱ्याचा भाग माझ्याकडे होता. मोठ्या बंदरांची माहिती होती, शहरांची होती. आपल्याकडच्या खाड्यांची नव्हती. उधाणाचं पाणी वर्षातून किती वेळा घरात शिरतं, शिरलं तर किती दिवस राहतं, बांध किती फुटले, किती लोकांनी आपणहून बांधून घेतले, हे कुणी कधी मोजलंच नव्हतं. मुदत तोंडावर आली होती. मी दुसऱ्या एका किनाऱ्यावरचा, मोठ्या नदीच्या मुखाजवळचा आकडा घेतला, आपल्या खाड्यांच्या रुंदीच्या प्रमाणात कमी केला आणि बसवून दिला. खाली टीप लिहिली की हा अंदाज आहे. पुढे अहवालाचा सारांश झाला, सारांशाचा नकाशा झाला, आणि नकाशाला टिपा नसतात. या वेळी साप नव्हता, बाबा. कंटाळा होता, थोडी घाई होती, आणि आकडा खरा वाटत होता.

नकाशा बाहेर जाण्याआधी मी त्यात आपली वाडी शोधली. सगळेच आपलं गाव शोधत होते, हसत होते. आपली वाडी लाल होती. तेव्हा धाकट्याने घराचं जोतं उंच करून घ्यायचं म्हणून बोलायला नुकती सुरुवात केली होती. तो जेटीजवळच्या शेडमध्ये होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, काम बरं चाललं होतं. मला एक फोन करता आला असता: थांबू नकोस, या महिन्यातच बँकेत अर्ज कर. पण नकाशा गोपनीय होता. शिवाय तो नुसता रंग आहे, प्रत्यक्षात यायला वर्षं जातील, असं मी स्वतःला सांगितलं. फोन केला नाही.

पुढच्या मे महिन्यात वादळ आलं. वाडीचा बांध दोन ठिकाणी फुटला आणि खाडीचं पाणी आठही घरांत मांडीइतकं चढलं. माणसं सगळी देवळात जाऊन राहिली, कुणाला काही झालं नाही. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता सगळ्यांनी मिळून ठरवलं की जोती कंबरभर उंच करायची आणि बांध पुन्हा घालायचा. आठ अर्ज बँकेत गेले, आठही परत आले. धाकटा स्वतः जाऊन विचारून आला. तिथला अधिकारी भला माणूस होता म्हणे, त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, ''तुमच्या कागदांत काही चूक नाही हो. पण तुमचा भाग यादीत लाल आहे. इथे दिलं तर वरून मला विचारतात. सिस्टीमच पुढे जाऊ देत नाही.'' दुसऱ्या बँकेतही तेच. आमच्या अहवालावरून त्यांनी आपापल्या याद्या केल्या होत्या. नियमात कर्ज देऊ नका असं कुठेही नव्हतं. थोडं महाग पडेल एवढंच होतं, आणि शाखेतल्या माणसाने त्याचा सरळ अर्थ काढला होता.

धाकट्याने मला फोन केला. ''ताय, आमची वाडी लाल आसा म्हणतत. तू ह्याच कामात आसंस मां? ह्यो रंग देता कोण?''

मी म्हटलं, ''बरेच जण मिळून देतत रे. बघतंय मी.''

त्या सुट्टीत मी घरी गेले. भिंतीवर पाण्याची रेघ अजून होती, तुमच्या फोटोच्या खाली हातभर. शेजारची काकी आली, तीच, जी मला लहानपणी सोलकढी पाजायची. नवरा गेल्यापासून एकटीच राहत होती. धाकट्याने मोबाईलवर तिला तो नकाशा दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

''लाल म्हणजे काय गो?'' तिने मला विचारलं. ''वायट माणसा म्हणान लिवल्यानी की काय आमका?''

''नाय गो काकी. पाणी येतला म्हणान.''

''पाणी येता ता आमका म्हायत आसा,'' ती म्हणाली. ''म्हणान तर जोता उंच करूचा आसा.''

आमच्या देशात, म्हणजे संगणकातल्या, घरं हा सगळा मिळून एकच चौकोन होता. काकीचं घर आणि मुंबईतला विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट त्यात एकत्र होते. कर्ज मिळालं नाही तर तो चौकोन जरा आकसतो. आकसतो म्हणजे माणसं कुठे जातात, हे विचारायला मी समीकरणात जागाच ठेवली नव्हती. मी, जिला तुम्ही खिडकीच्या गजावरचं पाणी दाखवलं होतंत.

मुंबईला परतल्यावर मी संचालकांकडे गेले. सांगितलं की खाडीकाठचा आकडा मी मोजलेला नाही, बसवलेला आहे, आणि ती गावं नकाशात कोरी ठेवायला हवीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, हे तुम्हाला सांगायला हवं.

''मॅडम, कोरा नकाशा कुणी वापरत नाही,'' ते म्हणाले.

''मग चुकीचा वापरतील.''

''तो चुकीचा आहे हे तरी तुम्हाला कुठे माहीत आहे? परवाच पाणी शिरलं ना तुमच्या गावात? कदाचित लालच बरोबर असेल.''

आणि खरंच, बाबा, मला माहीत नव्हतं. आजही नाही. आकडा खोटा होता. धोका खोटा नव्हता. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, असं ते म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला. त्याला दोन वर्षं लागली. आता खाडीकाठ नकाशात राखाडी आहे, त्याचा अर्थ 'माहिती अपुरी'.

त्या दोन वर्षांत बाहेरची एक कंपनी वाडीत आली. त्यांना पर्यटकांसाठी खाडीवर राहण्याची जागा बांधायची होती. छपरांवर सौर पाट्या, पावसाचं पाणी साठवायला टाक्या, काठाने खारफुटी. त्यांचं कर्ज हरित ठरलं, तेही स्वस्तात, कारण ते कंपनीच्या नावावर होतं आणि कंपनीचं कार्यालय कुठल्याही लाल भागात नव्हतं. जमीन तीच, खाडी तीच, पाणीही तेच येणार. पहिलं घर काकीने विकलं. पुढच्या पावसात पुन्हा पाणी शिरलं होतं आणि तिला एकटीला चिखल काढवेना. ती बांद्याला लेकीकडे गेली. लेकीने चांगलं सांभाळलं. पण तिथे तिला दारातून पाणी दिसायचं नाही, असं म्हणायची म्हणे. चार महिन्यांत गेली. मग एकेक करत बाकीच्यांनी विकली. धाकटा थांबला होता. पण बांध एकट्याच्या घरापुरता घालता येत नाही, आणि कंपनीने आपल्या बाजूला भिंत घातल्यावर सगळं पाणी आपल्याकडे वळलं. शेवटी त्यानेही विकलं. आमच्या संस्थेत त्या सुमारास एक बैठक झाली. किनाऱ्यावरच्या धोक्याच्या जागेची कर्जं कमी झाली होती, हरित कर्जं वाढली होती. दोन्ही रेषा आम्ही काढल्या होत्या अगदी तशाच चालल्या होत्या. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

आता तो कुडाळला दोन खोल्यांत राहतो. दुरुस्तीला होड्याच उरल्या नाहीत, म्हणून जेटीवरची शेड सोडली. कंपनीने त्याला कामावर घेतलंय. पंप बघतो, सौर पाट्या पुसून घेतो, वीज गेली की जनरेटर चालू करतो. आपली विहीर त्यांनी ठेवली आहे, कठड्याला रंग दिला आहे. रोज सकाळी मोटारसायकलने तिथे जातो आणि संध्याकाळी परत येतो. पगार वेळेवर होतो, म्हणाला.

गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेले होते. भावजयीने बांगड्याचं तिखलं केलं होतं. खोल्या स्वच्छ आहेत, पण खिडकी एकच, ती जिन्याकडे उघडते. जेवताना तो खाली बघूनच म्हणाला, ''ताय, एक इचारू? तुका आदी म्हायत होता काय?''

''काय?''

''वाडी लाल होतली ता.''

मी म्हटलं, ''नाय.''

त्याने मान हलवली. ''माका वाटलाच. म्हायत आसता तर तू सांगलंच असतंस.'' आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. भावजय उठून भात आणायला आत गेली. मी ती तुकडी खाल्ली. त्याने सगळ्यांत मोठी निवडून वाढली होती, लहानपणी तुम्ही वाढायचात तशी नाही. तुम्ही दोघांना सारखी वाढायचात. काटे काढायला मी फार वेळ लावला, म्हणजे वर बघावं लागू नये. निघताना तो मला एस. टी. स्टँडपर्यंत सोडायला आला आणि पिशवीत कोकमं घातलीत का, म्हणून दोनदा विचारलं.

हे सगळं तुम्हाला कुठे पाठवायचं हा प्रश्न नाही, ते मलाही कळतं. खरी गोष्ट अशी की हे पत्र मी त्याला लिहायला बसले होते. कुडाळचा पत्ता पाकिटावर घालूनसुद्धा झाला. कागदावर त्याचं नाव लिहिलं, घर पाडल्याची ओळ लिहिली, आणि पुढे जाता येईना, कारण तो वाचील आणि मग रविवारी फोन करील, आणि मला काही तरी विचारील. म्हणून दुसरा कागद घेतला आणि वर तुम्हाला हाक मारली. तुम्ही फोन करणार नाही.